अप्रेझर येऊन गेला म्हणजे घर तपासून झालं, असं नाही

"व्हीएने घर पास केलंय, मग परत चारशे-पाचशे डॉलर घालून इन्स्पेक्शन कशाला करायचं?" अमेरिकेत सैन्यातल्या नोकरीच्या जोरावर पहिलं घर घेणाऱ्यांच्या तोंडी हा प्रश्न हमखास येतो. पण व्हीए, म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं, घर पास करत नाही. तिच्यातर्फे अप्रेझर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, येतो आणि ती फक्त एवढंच बघते की या घरावर एवढं कर्ज द्यायला हरकत आहे का. ते घर घेऊन तुमचं भलं होईल की नाही, हा प्रश्न तिच्या फॉर्मवर नाहीच.

मराठी घरांत हा गोंधळ जरा जास्तच होतो, कारण सवय तशी लागलेली असते. पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट घेताना बँकेचा माणूस येतो, दोन फोटो काढतो, वकील कागद बघतो आणि कर्ज मंजूर होतं. मग नातेवाईक म्हणतात, "बँकेने लोन दिलंय म्हणजे सगळं व्यवस्थितच असणार." बँकेने आपल्या पैशांपुरतं बघितलेलं असतं. बाथरूमची गळती खालच्या फ्लॅटच्या छताला पहिल्या पावसाळ्यात दिसते, तेव्हा बँक काही विचारायला येत नाही. हाच विश्वास घेऊन माणूस टेक्सासला किंवा व्हर्जिनियाला पोचतो.

आणि पोचणारे आहेत. अमेरिकी सैन्यात शिपाई म्हणून भरती व्हायला नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डवरही जाता येतं. शिवाय तिथेच जन्मलेली दुसरी पिढी आहे. मुलगा नेव्हीत किंवा सून आर्मीत असली की घर घेताना इकडचे आई-वडीलही व्हिडिओ कॉलवर सल्ला द्यायला बसतात. हा लेख त्यांच्यासाठीही आहे.

आधी लोनबद्दल थोडक्यात. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, जून 1944 मध्ये राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. लोक त्याला जीआय बिल म्हणतात. परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण आणि घर मिळावं, हा त्याचा हेतू. आजचं व्हीए लोन त्याच कायद्यातून आलं.  हे कर्ज व्हीए स्वतः देत नाही. कर्ज खासगी लेंडर देतो आणि ते बुडालं तर त्याच्या काही हिश्श्याची, बहुतेक वेळा चौथ्या हिश्श्याची, हमी व्हीए घेते. या हमीमुळे डाउन पेमेंट शून्य असलं तरी चालतं आणि दरमहाचा मॉर्गेज इन्शुरन्सही, म्हणजे कर्ज बुडालं तर लेंडरला भरून देणारा विमाही, लागत नाही. त्याबदली एकदाच फंडिंग फी भरायची. पहिल्यांदा लोन घेताना आणि डाउन पेमेंट काहीच नसताना ती कर्जाच्या 2.15 टक्के आहे. सेवेत झालेल्या अपंगत्वाची भरपाई ज्यांना मिळते, त्यांना ती माफ. निवृत्तच असायला हवं असंही नाही. सेवेत असलेल्यांना, नॅशनल गार्ड आणि राखीव दलांतल्यांना ठराविक सेवेनंतर आणि काही शहीद जवानांच्या जोडीदारांनाही हे लोन मिळतं.

खिशातून एक पैसा न घालता घर घेतलेला माणूस उद्या हप्ते थांबवून निघून गेला, तर लेंडरच्या आणि व्हीएच्या हाती ते घरच उरणार. ते विकून पैसे वसूल होतील का, हे त्यांना आधी कळायला हवं. अप्रेझल होतं ते त्यासाठी.

अप्रेझर तुम्ही निवडत नाही, आणि लेंडरही निवडत नाही. लेंडर व्हीएच्या सिस्टीममध्ये मागणी नोंदवतो आणि व्हीएच्या पॅनलवरच्या अप्रेझरांपैकी ज्याची पाळी असेल, त्याच्याकडे ते काम जातं. म्हणजे लेंडरला आपल्या सोयीचा माणूस पाठवून वाढीव आकडा आणता येत नाही. फी किती घ्यायची आणि किती दिवसांत रिपोर्ट द्यायचा, हेही व्हीएने राज्यवार ठरवून दिलेलं असतं. फी मात्र बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जाते आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. पैसे मी भरले, म्हणजे माणूस माझा! तसं नाही. रिपोर्टची प्रत तुम्हाला मिळते, तो तुमचा हक्क आहे, पण रिपोर्ट लिहिलेला असतो लेंडर आणि व्हीएसाठी.

तो येतो, बाहेरून-आतून फिरतो, मोजमाप घेतो, खोल्या मोजतो, फोटो काढतो. खरं काम तो ऑफिसात बसून करतो. जवळपास अलीकडे विकली गेलेली तशीच घरं काढायची आणि त्यांच्या किमतींत कमी-जास्त करून या घराची वाजवी किंमत ठरवायची. एखाद्यात एक बाथरूम जास्त असेल, एखाद्याचा गॅरेज लहान असेल, त्याचा हिशोब धरायचा. या घरांना तिकडे सगळे ‘कॉम्प्स’ म्हणतात. शेवटी लेंडरकडून तुम्हाला नोटीस ऑफ व्हॅल्यू मिळते. तिच्यात घराची किंमत असते आणि पूर्ण करायच्या अटी असतात.

इथवर सरळ आहे. घोळ होतो तो पुढच्या भागात. व्हीएचा अप्रेझर किमतीबरोबर आणखी एक गोष्ट बघतो, ती म्हणजे घर किमान अटींत बसतं का. घर राहायला सुरक्षित, बांधणीने धड आणि आरोग्याला अपाय न करणारं असावं. पिण्याचं पाणी आणि सांडपाण्याची सोय हवी. स्वतःची विहीर असेल तर पाण्याची तपासणी हवी. नळाच्या लाइनी असलेल्या भागात किमान 50 अंश फॅरनहाइट, म्हणजे 10 अंश सेल्सिअस, ऊब राहील अशी हीटिंगची सोय हवी. फक्त लाकडाच्या स्टोव्हवर घर तापत असेल तर ते चालत नाही, जोडीला कायमची बसवलेली यंत्रणा लागते. 1978 च्या आधीचं घर असेल आणि रंगाचे पोपडे निघत असतील, तर त्या रंगात शिसं असल्याचं गृहीत धरून ते नीट करून घ्यावं लागतं. छप्पर आणखी काही वर्षं टिकेल असं दिसायला हवं. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया अशा वाळवीच्या राज्यांत वाळवीचा वेगळा रिपोर्ट मागितला जातो. पूर्वी बऱ्याच राज्यांत व्हीएचा खरेदीदार त्याचे पैसे भरू शकत नसे, ते सेलरला भरायला लावावे लागत. सेलर त्यावरून कुरकुरायचे. 2022 पासून खरेदीदाराला ते भरायची मुभा आहे.

ही यादी वाचून कोणालाही वाटेल, झालं की इन्स्पेक्शन! पण सगळं ठरतं ते अप्रेझर हे कसं बघतो यावर. डोळ्यांना जे दिसतं तेवढंच त्याच्या हिशोबात येतं. वायरिंग, प्लंबिंग, हीटिंग बिघडल्याची खूण दिसली तर तो पुढची तपासणी करायला सांगतो. खूण दिसली नाही तर तो खोदून बघत नाही, आणि तशी त्याच्याकडून अपेक्षाही नाही. 2022 पासून काही व्यवहारांत तर अप्रेझरने घरी न जाता, उपलब्ध माहितीवरून टेबलावरच मूल्यांकन करायलाही व्हीएने परवानगी दिली आहे. ज्या माणसाने घरात पाऊलही टाकलेलं नसू शकतं, त्याच्या भरवशावर तीस वर्षांचे हप्ते कशाला?

इन्स्पेक्टर तुम्ही नेमता, पैसे तुम्ही देता आणि रिपोर्टही तुमचा एकट्याचा. त्याला घराच्या किमतीशी देणंघेणं नसतं. दोन-तीन तास तो घरात असतो आणि तुम्ही त्याच्या मागे-मागे फिरावं, हे उत्तम. तो इलेक्ट्रिक पॅनलचं झाकण उघडून आतली प्रत्येक तार बघतो. वरच्या मजल्यावरचा शॉवर आणि बेसिनचा नळ एकदम सोडतो, फ्लश ओढतो आणि पाण्याचा जोर किती पडतो ते बघतो. मग खाली येऊन त्याच बाथरूमच्या बरोब्बर खालच्या छतावर टॉर्च मारतो. डिशवॉशर चालू करून ठेवतो. प्रत्येक सॉकेटमध्ये छोटा टेस्टर खुपसतो. अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, चढतो, घराखालच्या सरपटत जायच्या जागेत गुडघ्यांवर शिरतो. वॉटर हीटरवरचा सीरियल नंबर वाचून तो कोणत्या वर्षीचा ते सांगतो. दुसऱ्या दिवशी पन्नासेक पानांचा फोटोंसकट रिपोर्ट येतो आणि तो वाचून पहिल्यांदा घर घेणाऱ्याला घाम फुटतो. घाबरू नका. चांगल्या घराच्या रिपोर्टमध्येही तीस-चाळीस बारीक गोष्टी निघतात.

एकाच घराकडे हे दोघे कसे बघतात? समजा सॅन अँटोनियोमधलं घर आहे आणि बाहेरचं एसीचं युनिट एकोणीस वर्षांचं आहे, पण गार हवा येते आहे. अप्रेझरच्या फॉर्मवर ‘सेंट्रल एसी’च्या चौकटीत खूण होते आणि विषय संपतो. इन्स्पेक्टर लिहितो, युनिटचं आयुष्य संपलंय, एक-दोन उन्हाळ्यांत बदलावं लागेल. तो खर्च काही हजार डॉलरचा. डाउन पेमेंट न भरता घर घेतलेल्या जवानाकडे क्लोजिंगनंतर, म्हणजे व्यवहार पूर्ण झाल्यावर, तेवढी शिल्लक असेलच असं नाही. त्याच घराच्या दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेलेली आहे आणि बेडरूमचं दार घासतंय. त्या पट्ट्यातली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या काँक्रीटच्या पायाला हलवते. चीर मोठी असेल तर अप्रेझरही टिपेल. पण जमिनीची पातळी मोजून ‘स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा’ असं सांगणारा इन्स्पेक्टरच. 1980 च्या दशकातल्या घरात करड्या रंगाचे पॉलिब्युटिलिन या प्लास्टिकचे पाइप निघाले तरी तेच. आज पाणी व्यवस्थित येतं, म्हणून व्हीएला हरकत नसते. पण हे पाइप फुटण्यासाठी बदनाम आहेत आणि काही विमा कंपन्या अशा घराला पॉलिसी द्यायला का-कू करतात.

उलटही होतं, हेही सांगायला हवं. नॉरफोकला नौदलाचा प्रचंड तळ आहे आणि आजूबाजूच्या बऱ्याच वस्त्या पुराच्या पट्ट्यात येतात. घर फेमाच्या, म्हणजे आपत्ती निवारणाच्या केंद्रीय खात्याच्या, नकाशावर धोक्याच्या क्षेत्रात आहे का, हे अप्रेझलमध्ये नोंदलेलं असतं. असेल तर पुराचा विमा सक्तीचा होतो आणि महिन्याचा हप्ता फुगतो. इन्स्पेक्टर तळघरातली ओल दाखवेल, नकाशा दाखवणं त्याचं काम नाही. घरासाठी तुम्ही जास्त पैसे मोजताय का, हेही तो सांगत नाही. ते अप्रेझलच सांगतं.

आणि सांगतं तेव्हा काय होतं? समजा सौदा 4,00,000 डॉलरला ठरला आणि अप्रेझरचा आकडा 3,85,000 वर येतोय. व्हीएमध्ये यासाठी एक चांगली सोय आहे, ‘टाइडवॉटर’ नावाची. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या त्या भागावरून हे नाव पडलं. कमी आकडा पक्का करायच्या आधीच अप्रेझर लेंडरच्या माणसाला कळवतो की किंमत बसत नाहीये, दोन कामकाजाच्या दिवसांत आणखी कॉम्प्स असतील तर द्या. या दोन दिवसांत तुमचा एजंट जागा असला पाहिजे. नुसतं ‘शेजारचं घर जास्तीत गेलं’ म्हणून भागत नाही, विक्रीचे कागद द्यावे लागतात. त्यानंतरही आकडा कमीच राहिला तर लेंडरमार्फत फेरविचार मागता येतो. तोही फसला तर मग पर्याय उरतात ते असे: सेलरने किंमत उतरवावी, तुम्ही वरचे 15,000 स्वतःच्या खिशातून रोख घालावेत, दोघांनी मिळून मध्ये कुठेतरी भेटावं, नाहीतर सौदा सोडावा.

सौदा सोडताना इसार बुडत नाही. व्हीए लोनच्या करारात तसं कलम घालणं सक्तीचं आहे. व्हीएने ठरवलेल्या वाजवी किमतीपेक्षा सौद्याची किंमत जास्त असेल, तर खरेदीदाराला इसार गमावायला लावता येत नाही.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पैसे बुडतात ते बहुतेक इथेच. हे कलम किमतीपुरतं आहे. छताखाली बुरशी निघाली, पाया खचलेला निघाला, गटाराच्या पाइपात झाडांची मुळं शिरलेली निघाली, आणि किंमत मात्र बरोबर बसली, तर हे कलम तुमच्या काही कामाचं नाही. त्यासाठी करारात इन्स्पेक्शनची वेगळी अट आणि तिची मुदत हवी. टेक्सासमध्ये तिला ऑप्शन पीरियड म्हणतात. थोडी फी भरायची आणि ठरलेल्या दिवसांत कोणतंही कारण न देता बाहेर पडायचा हक्क मिळवायचा. मुदत टळली की हक्क गेला. ‘व्हीए लोन आहे, इसार सुरक्षित आहे’ असं अर्धवट ऐकून निर्धास्त राहिलेल्यांना हा फरक नको तेव्हा कळतो.

2021 च्या सुमाराला एकेका घरावर डझनभर ऑफर पडत होत्या, तेव्हा ऑफर ‘मजबूत’ दिसावी म्हणून लोक इन्स्पेक्शनवर पाणी सोडायचे. व्हीएच्या खरेदीदाराला अप्रेझल टाळता येत नाही, म्हणून सेलरला त्याची ऑफर आधीच लंगडी वाटते. मग एजंट हळूच सुचवतो, निदान इन्स्पेक्शन तरी सोडून द्या. माझं मत स्पष्ट आहे: सोडू नका. फारच अडलं तर सेलरला असं लिहून द्या की किरकोळ दुरुस्त्या मागणार नाही, पण इन्स्पेक्शन करणार आणि मोठं काही निघालं तर बाहेर पडणार. बऱ्याच सेलरना भीती असते ती गळक्या नळांच्या लांबलचक यादीची. तुमच्या बाहेर पडण्याच्या हक्काची भीती त्यांना तेवढी नसते.

दोन्हींतून निघणाऱ्या दुरुस्त्यांचं वजनही वेगळं. अप्रेझलमध्ये निघालेली दुरुस्ती झाल्याशिवाय लोन क्लोज होत नाही. ती सेलरने करावी, तुम्ही करावी की निम्मी-निम्मी, हे आपसात ठरवायचं, पण करून परत दाखवावी लागते. घर राहण्याजोगं असेल तर एखाद्या अटीतून सूट द्यावी, असा लेखी अर्जही करता येतो. इन्स्पेक्शनमध्ये निघालेलं काही सक्तीचं नसतं, ती वाटाघाटीची सामग्री असते. म्हणून मागताना तोलून मागा. छप्पर, पाया, वायरिंग, पाणी, हीटिंग-कूलिंग एवढंच धरा. सैल कडी-कोयंडे तुम्हीच शनिवारी बसवा.

क्रम लावता आला तर आधी इन्स्पेक्शन, मग अप्रेझल. इन्स्पेक्शनमध्येच घर बाद झालं तर अप्रेझलची फी वाचते. लोन ऑफिसरला तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो घाईने मागणी टाकून मोकळा होतो. अर्थात बदलीच्या मोसमात, म्हणजे उन्हाळ्यात, तळांच्या गावांत अप्रेझरच मिळत नाहीत आणि क्लोजिंगची तारीख अंगावर येते. तेव्हा दोन्ही एकदम करावं लागतं आणि फी वाया जायचा धोका पत्करावा लागतो.

इन्स्पेक्टर निवडताना एक बघा. टेक्सासमध्ये त्याला राज्याचं लायसन्स लागतं, कॅलिफोर्नियात लागत नाही. तिथे व्यावसायिक संघटनेचं सदस्यत्व, विमा आणि त्याने आधी केलेल्या एखाद्या रिपोर्टचा नमुना मागा. एजंटने दिलेल्या एकाच नावावर थांबू नका, कारण सौदा झाला तरच एजंटला पैसे मिळतात. जोडीदार डिप्लॉयमेंटवर, म्हणजे सैन्याच्या कामगिरीवर दूर, असेल आणि घरातलं दुसरं माणूस मुखत्यारपत्रावर सह्या करणार असेल, तर इन्स्पेक्टरला व्हिडिओ कॉलवर घर फिरवून दाखवायला सांगा. बहुतेक जण तयार होतात. साध्या इन्स्पेक्शनमध्ये काय येत नाही तेही विचारून घ्या: भिंतीच्या आतलं, गटाराचा पाइप, जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी रेडॉन वायू. जुन्या घरात गटारात कॅमेरा घालून बघणं आणि तळघर असेल तिथे रेडॉन मोजणं, हे जादा पैसे देऊन करण्यासारखं आहे. रेडॉन हवेच्या लिटरमागे 4 पिकोक्युरी किंवा जास्त निघाला तर उपाय करा, असं तिथलं पर्यावरण खातं सांगतं. सेलरकडून तो उपाय मागून घेता येतो.

राहिलं नवं कोरं घर. आपल्या लोकांना नव्या वसाहतीतलं घर फार आवडतं आणि नवं आहे म्हणून इन्स्पेक्शन टाळायचा मोहही तिथेच होतो. पण अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन टाकायचं राहून गेलेलं, बाथरूमचा पंखा बाहेर न जोडता अ‍ॅटिकमध्येच सोडलेला, असल्या गोष्टी नव्या घरांतही निघतात. जमलं तर भिंतींना आतून जिप्समच्या पाट्यांची ड्रायवॉल लागायच्या आधी एकदा इन्स्पेक्टर न्या, म्हणजे वायर आणि पाइप उघडे दिसतात. बिल्डरची वर्षाची वॉरंटी असेल तर अकराव्या महिन्यात त्याच इन्स्पेक्टरला परत बोलवा आणि निघालेली यादी वॉरंटी संपायच्या आत बिल्डरला लेखी द्या.